भाजीचा उंच वाफा: कठडा कशाचा बांधायचा?

उंच वाफ्यांबद्दल शोधायला गेलात की पहिले दहा व्हिडिओ परदेशातले निघतात. छान रंधलेल्या सीडरच्या फळ्या, चार स्क्रू, वरून काळी भुसभुशीत माती, झाला वाफा. ते त्यांच्याकडे चालतं. आपल्याकडे फळी मातीला टेकली की खालून वाळवी आणि वरून चार महिने पाऊस, आणि नंतर एप्रिल-मेचं ऊन. म्हणून सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो: कठड्यासाठी सामान निवडताना आधी आपल्यापासून वीस किलोमीटरच्या आत काय निघतं ते बघा. कोकणात आणि गोव्यात चिरा, घाटावर काळा दगड, वीट किंवा शहाबादी फरशी. लाकडाचा नंबर बराच खाली लागतो.

आधी ठरवा: कठडा हवाच आहे का?

वाफा उंच करायची कारणं दोन-तीनच आहेत. पाणी साचतं, खालची माती वाईट आहे (राडारोडा, कातळ, पाणी न मुरणारी चोपण), किंवा वाकून काम करता येत नाही. यातलं एकही लागू नसेल तर नुसता गादीवाफा करा. माती ओढून सहा-आठ इंच उंच, वर सपाट, कडा उतरत्या. खर्च शून्य. शेतकरी रोपवाटिका वर्षानुवर्षं असाच करतात.

सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाड्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात तर उंच वाफा कधीकधी तोट्याचाच ठरतो. जमिनीपेक्षा उंचावरची माती सगळ्या बाजूंनी वाळते आणि उन्हाळ्यात दिवसाला दोनदा पाणी मागते. तिथे पाण्याची चणचण असेल तर जमिनीच्या पातळीत किंवा किंचित खोलगट वाफाच बरा. उलट तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणपट्टीत, जुलैत मिरची-वांग्याची मुळं कुजू द्यायची नसतील तर उंची लागतेच.

मापं, सामान घ्यायच्या आधी

रुंदी तीन फूट ठेवा. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत आरामात पोचतो. चार फूट चालते, पण उकिडवं बसून निंदणाऱ्याला ती जड जाते. भिंतीला लागून वाफा असेल तर दोन फुटांच्या वर जाऊ नका. लांबी हवी तेवढी, पण आठ-दहा फुटांवर वाट सोडा, नाहीतर लोक वाफ्यावरून उड्या मारतात.

उंची पिकावर ठरते. मेथी, पालक, कोथिंबीर, तांबडी भाजी यांना सहा ते आठ इंच भुसभुशीत माती पुरते. मुळा, गाजर यांना फूटभर. वांगी, टोमॅटो, भेंडीला फूट-सव्वा फूट, आणि खाली मोकळी जमीन असेल तर मुळं पुढे आपली आपण उतरतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी दोन फूट उंच, बसायला कठडा असलेला वाफा करावा. पण प्रत्येक वाढत्या इंचाबरोबर कठड्यावरचा मातीचा रेटाही वाढतो, हे विसरू नका.

हिशेबासाठी एक वाफा धरू: आतून 8 फूट × 3 फूट, फूटभर उंच. त्यात 24 घनफूट माती बसते, म्हणजे जवळजवळ पाव ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). सामान विकणारा ब्रासमध्येच बोलतो, त्यामुळे हे रूपांतर डोक्यात असू द्या. आणि कठड्याची जाडी बाहेरच्या मापात धरा. नऊ इंची भिंत घेतली की हाच वाफा बाहेरून साडेनऊ × साडेचार फूट होतो. छोट्या परसात हा फरक लागतो.

चिरा: कोकणात दुसरं काही शोधू नका

जांभ्याचा चिरा वाफ्यासाठी उत्तम का, तर तो जड आहे, सच्छिद्र आहे आणि खाणीतून निघताना मऊ असला तरी हवा लागली की टणक होतो. साधारण 14 × 9 × 7 इंचांचा चिरा तीसेक किलोचा भरतो (खाणीनुसार माप बदलतं, आधी टेप लावून बघा). एवढ्या वजनामुळे दोन थर नुसते रचले तरी मातीच्या रेट्याला हलत नाहीत. सिमेंट लागत नाही, गवंडीही लागेलच असं नाही.

आपल्या वाफ्याला एका थरात साधारण 22 चिरे, दोन थरांत 44. फूट-सव्वा फूट उंची मिळते. तुटफूट धरून 48 सांगा. चिरे निवडताना हातोडीने हलकेच वाजवा. बद्द आवाज आला किंवा पिवळ्या मातीच्या गाठी दिसल्या तर तो बाजूला. असा चिरा दोन पावसाळ्यांत कोपऱ्यांवरून झरतो. बांधकामाला नाकारलेले, कान तुटलेले चिरे खाणीवर स्वस्त मिळतात. वाफ्याला ते बिनधास्त चालतात, तुटका कोपरा आतल्या बाजूला घालायचा. मात्र खरेदी मेअखेर उरकून घ्या. पाऊस सुरू झाला की बहुतेक खाणी पाण्याने भरतात आणि ट्रकही चिखलात येत नाही.

एक इशारा, तोही कोकणापुरता: रचलेल्या चिऱ्यांच्या फटी म्हणजे फुरशाला, म्हणजे छोट्या विषारी सापाला, आयती जागा. विंचू आणि गोगलगायीही तिथेच. म्हणून बाहेरच्या बाजूने सगळ्या फटी तांबड्या मातीच्या चिखलाने लिंपून घ्या, दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा लिंपा, आणि वाफ्याच्या कडेला पालापाचोळ्याचा ढीग ठेवू नका. फटीत उघडा हात घालून तण उपटायचं नाही, खुरपं वापरायचं.

घाटावर: वीट, दगड, फरशी

काळ्या जमिनीचा स्वभाव आधी लक्षात घ्या. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत आकसते. तिच्यावर सिमेंटात पक्की बांधलेली बुटकी भिंत पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कोपऱ्यातून तडकते, कारण खालची जमीनच वरखाली होत असते. म्हणून अशा जमिनीवर एकतर नुसतं रचलेलं बांधकाम करा, म्हणजे ते हललं तरी पुन्हा सरळ करता येतं. नाहीतर फूट-दीड फूट काळी माती काढून मुरूम ठोकून भरा आणि मग त्यावर बांधा.

विटांचं गणित असं. चार इंची भिंत केली तर आपल्या वाफ्याला साधारण 125 विटा, नऊ इंची केली तर 300. चार इंची भिंत सिमेंटाशिवाय फूटभर माती धरत नाही, मध्येच पोट काढते. त्यामुळे सुकी रचायची असेल तर नऊ इंचीच. सहा इंची वाफा पुरत असेल तर एक सोपी युक्ती आहे: विटा उभ्या करून एक-तृतीयांश जमिनीत पुरायच्या, एकीला एक चिकटून. वीट खणखणीत वाजली पाहिजे. कच्ची भाजलेली पिवळट वीट ओल्या मातीत लोणा (खार) लागून पापुद्र्यांनी सुटते. भट्टीवर खंगर मिळाली तर जरूर घ्या. जास्त भाजून वाकडीतिकडी, काळपट झालेली ही वीट बांधकामवाले घेत नाहीत, पण पाणी पीत नसल्यामुळे जमिनीत तिच्याइतकी कोणतीच वीट टिकत नाही.

शहाबादी फरशी हा पुणे-सोलापूर पट्ट्यातला जुना मार्ग. जाड, बिनपॉलिशची, दीड फूट उंचीची फरशी उभी करून सहा इंच जमिनीत, फूटभर वर. आपल्या वाफ्याला दीड × दोन फुटांच्या 11 फरश्या लागतात, म्हणजे 33 चौरस फूट. जागा सगळ्यात कमी खाते. तिचा एकच दोष: आतून माती दाबते तशी ती बाहेर कलते. त्यावर उपाय म्हणजे चर भरताना बाहेरच्या बाजूने मुरूम पहारीने ठोकून घ्यायचा आणि लांब बाजूंना दर चार फुटांवर लोखंडी अँगलचा एक खुंट ठोकायचा. जुन्या घराची फरशी उखडत असेल कुठे, तर तिच्यावर चिकटलेल्या चुन्यासकट आणा, काही बिघडत नाही.

काळ्या दगडाचं डबर मिळालं तर गडगा (सिमेंटाशिवाय रचलेली दगडी भिंत) घालता आला पाहिजे किंवा घालणारा माणूस माहीत पाहिजे. नाहीतर दगडांचा नुसता ढीग होतो.

सिमेंटचे ब्लॉक आणि सामूची भीती

काँक्रीटमधून चुना उतरतो आणि मातीचा सामू (पीएच) वाढतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. खरं आहे, पण परिणाम कठड्यालगतच्या चार बोटं मातीपुरता, आणि तोही नव्या ब्लॉकचा जास्त. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचा सामू बहुधा 5 ते 6.5, म्हणजे आम्ल. तिथे थोडा चुना मिळाला तर भाज्यांचं भलंच होतं. काळी माती मात्र मुळातच 7.5 ते 8.5 वर असते, तिच्यात चुनखडी आधीच भरपूर. तिथे नवे ब्लॉक वापरणार असाल तर एक पावसाळा बाहेर भिजू द्या आणि आतून कंपोस्टचा जाड थर द्या. वाल-घेवड्याची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडायला लागली तर ती लोहाची कमतरता समजा.

पोकळ ब्लॉकच्या भोकांत पुदिना, ओवा, झेंडू लावता येतात, हा वरचा फायदा. हलके पांढरे एएसी ब्लॉक मात्र घेऊ नका. बांधकामाच्या जागेवर तुकडे फुकट मिळतात म्हणून मोह होतो, पण ते पाणी शोषतात, आणि सतत ओल्या मातीत कडा ठिसूळ होतात. राखेच्या विटा पक्क्या असतील तर कठड्याला चालतात. भुगा होणाऱ्या असतील तर भाजीजवळ नकोत.

लाकूड आणि बांबू, वापरायचंच असेल तर

लाकडात मातीला टिकतो तो फक्त गाभा. साग असला तरी त्याची बाहेरची, सालीलगतची पांढरी बाजू वाळवी आवडीने खाते. जुनी घरं पाडतात तिथले सागाचे, ऐनाचे, खैराचे वासे आणि तुळया मिळाल्या तर सोनं समजा. पण जुन्या दार-खिडक्यांच्या रंगवलेल्या फळ्या घेऊ नका. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर आणणारा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी, आणि ते पोपडे मातीत पडले की निघत नाहीत.

वाळवीसाठी खांबांना गाडीचं काळं ऑइल किंवा डांबर फासायची गावोगावची पद्धत आहे. कुंपणाला ठीक, भाजीच्या वाफ्याला नाही. रेल्वेचे जुने स्लीपर दिसायला भक्कम, पण त्यांत क्रिओसोट हे डांबरातून काढलेलं विषारी तेल मुरवलेलं असतं. उन्हात त्याचा डांबरी वास येतो तोच पुरावा. हिरवट छटेचं प्रक्रिया केलेलं लाकूड असेल तर विक्रेत्याला सीसीए (लाकूड टिकवायचं तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं रसायन) आहे का विचारा. त्यात आर्सेनिक असतं आणि अमेरिकेतल्या उत्पादकांनीच 2003 अखेर घरगुती वापरासाठी ते बंद केलं.

पॅलेटच्या फळ्या शहरात सहज मिळतात. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीच्या चित्राचा शिक्का असतो. त्यात एचटी असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे, चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, सोडून द्या. शिक्काच नसेल आणि तेलाचे, रसायनांचे डाग असतील तरी सोडून द्या. चांगली पॅलेटसुद्धा बहुधा पाइनची असते, दोन पावसाळे काढले तर खूप झालं.

बांबूचंही तसंच. मातीला टेकलेला, प्रक्रिया न केलेला बांबू वर्ष-दोन वर्षांत जातो. सिंधुदुर्गातला माणगा जातीचा बांबू भरीव असल्यामुळे त्यातल्या त्यात बरा. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केलेला बांबू छपराखाली टिकतो, पण पावसात बोरॉन धुऊन मातीत उतरतं, आणि जास्त बोरॉन झाडांना बाधतं. म्हणून बांबू वेलींच्या मांडवाला वापरा, कठड्याला नको. कोकणात माडाची खोडं आणि पोफळीच्या चिरलेल्या फाळ्या लावतात. त्या फुकटच्या असतात आणि कुजून तिथेच खत होतात, तेव्हा एक-दोन हंगामांची सोय म्हणून झकास.

पत्रा, ड्रम, बॅगा आणि न वापरायच्या वस्तू

जीआय पत्र्याचे वाफे अलीकडे तयार मिळतात. जागा खात नाहीत, वाळवी लागत नाही. पण विदर्भात पारा 45 वर गेला की पत्र्यालगतची मुळं भाजतात, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत कापलेल्या कडांपासून गंज धरतो. पुण्या-नाशिकच्या हवेत चालेल. सहा फुटांपेक्षा लांब वाफ्याला मध्ये आडवी सळई किंवा तार हवी, नाहीतर पत्रा पोट काढतो. कडांना जुना पाण्याचा पाइप उभा चिरून बसवा, हात कापणार नाही.

निळे 200 लिटरचे ड्रम उभे किंवा आडवे कापून छान वाफे होतात. आत आधी काय होतं ते लेबलवर वाचल्याशिवाय घेऊ नका. लेबल खरवडलेलं असेल तर ड्रम तिथेच ठेवा. टायर नको. उन्हात तापतात, झिजतात, त्यांत जस्त आणि इतर रसायनं असतात. फुलझाडांना लावा हवं तर. आणि सिमेंटचे जुने नालीदार पत्रे, ज्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते कापू नका, फोडू नका, वाफ्याला तर मुळीच लावू नका.

गच्चीवर प्रश्न वजनाचा

वर सांगितलेलं चिरा, वीट, दगड हे सगळं जमिनीवरच. भारतीय मानक 875 मध्ये ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो भार धरतात. फूटभर भिजलेली माती चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास जाते. म्हणजे नुसत्या मातीनेच तिप्पट, कठडा वेगळा. सोसायटी नाही म्हणते तेव्हा ती दरवेळी खडूसपणाच करत नसते.

गच्चीवर ऊन सोसणाऱ्या, यूव्ही प्रक्रियेच्या एचडीपीई प्लास्टिकच्या बॅगा किंवा हलके प्लास्टिकचे वाफे, तेही तुळयांच्या वर आणि गच्चीच्या कठड्याच्या भिंतीलगत. खाली विटा किंवा स्टँड देऊन हवा खेळती ठेवा, म्हणजे कोबा ओला राहत नाही. भरायला धुतलेलं कोकोपीट, कंपोस्ट, वाळलेला पाला, उसाची चिपाडं. प्रयोगशील शेतकऱ्यांच्या ‘प्रयोग परिवारा’च्या श्री. अ. दाभोळकरांनी काडीकचऱ्यातून माती तयार करण्याची दिशा दाखवली, ती गच्चीवर आजही सगळ्यात कामाची आहे. तरी सहा इंचांचा असा थर भिजला की वरच्या मर्यादेच्या जवळ पोचतो. सबंध गच्ची भरायचा विचार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नको.

बांधायला घेताना

चिऱ्याचा वाफा धरून सांगतो. चार खुंट्या, दोरी. कोपरा काटकोनात आहे का ते 3-4-5 ने तपासा: एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजा, तिरकं अंतर 5 फूट आलं पाहिजे. दोरीच्या रेषेत चिऱ्याच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त, चार-पाच इंच खोल चर खणा. दोन इंच मुरूम टाकून धुम्मसने ठोका, पाण्याच्या नळीने पातळी बघा. पहिला थर नीट बसला की अर्धं काम झालं, त्याला वेळ द्या.

दुसरा थर मांडायच्या आधी आत तळाला अर्धा इंची वेल्डमेश जाळी पसरून तिच्या कडा पहिल्या थरावर आणा, म्हणजे वरचे चिरे ती दाबून धरतील. घूस नावाचा प्राणी ज्याने रताळ्यांच्या वाफ्यात पाहिलाय त्याला या जाळीचं कारण सांगावं लागत नाही. मग दुसरा थर, सांधेमोड करून. वरचा चिरा खालच्या दोघांच्या सांध्यावर. पाण्यासाठी खालच्या थरात दर दोन-तीन फुटांवर बोटभर फट मोकळी ठेवा. तिच्या आतून जाळीचा तुकडा आणि मूठभर खडी, आणि लिंपताना तेवढी फट सोडा. तळाला काँक्रीट कधीही नको, प्लास्टिकही नको.

भरताना सगळ्यात खाली चार इंच नारळाची सोडणं किंवा काटक्या, त्यावर वाळका पाला किंवा पाचट, शेणकाला शिंपडून तुडवलेलं. वर दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. माती काळी आणि चिकट असेल तर तिसरा भाग रेती किंवा बारीक मुरमाचा. काठोकाठ भरा, कारण पहिल्या पावसात ती चार-सहा बोटं खाली बसतेच. ताजं शेण मात्र घालू नका. त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, आणि ती एकदा आली की कठडा चिऱ्याचा होता की सागाचा याला काही अर्थ राहत नाही.

मे महिन्यात बांधून ठेवलेल्या वाफ्यात पहिल्या दोन सरी पडून गेल्यावर वरची भर घाला आणि मग भेंडी, वाल, काकडीचं बी टोका. टोमॅटोची घाई नको, त्याला पावसाळा संपू द्या.